कावेरीच्या मुलखात दुपार कुठे घालवाल?

रामेश्वर-कन्याकुमारीच्या सहलीत तंजावरच्या वाट्याला फार तर दोन तास येतात, आणि तेही बहुतेक वेळा भर दुपारचे. बस पोचते तेव्हा बृहदीश्वराचं देऊळ बंद व्हायला आलेलं असतं, आवारातल्या दगडावर पाय ठरत नाही. मग नंदीसमोर एक फोटो काढून मंडळी जेवायला जातात आणि तिथूनच मदुरैची वाट धरतात. ज्या देवळाच्या आवारात आपल्या भाषेतला एवढा मोठा शिलालेख आहे, तिथून मराठी माणूस तो न बघता परततो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी सांगलीत मोडी शिकवते. तंजावरची ओढ मोडीमुळेच लागली. आता ओळखीतलं कुणीही तिकडे निघालं की आधी आमच्या ओसरीवर येऊन बसतं. त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

पहिली गोष्ट: तमिळनाडूतली बहुतेक जुनी देवळं दुपारी बंद असतात. साधारण बारा-साडेबाराला दार लागतं आणि चारच्या सुमाराला, काही ठिकाणी त्याहून उशिरा, उघडतं. सारा बेत या वेळेभोवती आखायचा. पहाट आणि संध्याकाळ देवळाची. मधले चार तास नदीचे, ग्रंथालयाचे, कांदळवनाचे, केळीच्या पानावरच्या जेवणाचे आणि थोड्या झोपेचे. हे एकदा पक्कं केलं की एका दिवसात सात देवळं गाठायचा हव्यास आपोआप सुटतो. सकाळी एक, संध्याकाळी एक, एवढंच ठेवा.

कधी जायचं

दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका. आपल्याकडे तेव्हा आभाळ निवळलेलं असतं, पण तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर हाच खरा पावसाळा, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. नोव्हेंबरात चक्रीवादळं येतात, सखल देवळांत पाणी साचतं. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम. त्यातही मार्गळी महिना, म्हणजे साधारण 16 डिसेंबर ते 13 जानेवारी, मला सगळ्यांत आवडतो. देवळं नेहमीपेक्षाही लवकर उघडतात, अंधारात स्तोत्रं ऐकू येतात, आणि बायका दारोदारी तांदळाच्या पिठाचे मोठे कोलम काढत असतात. पोंगलचे दिवस मात्र, 14 जानेवारीच्या आगेमागे, टाळा. तेव्हा अख्खं राज्य आपापल्या गावी निघालेलं असतं आणि गाडीत उभं राहायलाही जागा मिळत नाही.

नदीचंही वेळापत्रक बघा. मेट्टूर धरणातून खालच्या मुलखासाठी 12 जूनला पाणी सोडायचं आणि 28 जानेवारीला बंद करायचं, असा रिवाज आहे. धरणात साठा कमी असेल त्या वर्षी तारीख पुढे जाते. कालवे भरलेले आणि भातशेतं हिरवी बघायची असतील, तर डिसेंबर-जानेवारीला पर्याय नाही. मार्चनंतर कावेरीत वाळू दिसते, आणि एप्रिल-मे महिन्यांत म्हाताऱ्या माणसांना तिकडे अजिबात नेऊ नये.

पोचायचं कसं

सांगली, कोल्हापूर, सोलापूर या बाजूच्या लोकांनी बंगळुरूमार्गे जावं. मिरजेहून रात्रीच्या गाडीने सकाळी बंगळुरू, दिवसभर विश्रांती, आणि संध्याकाळी म्हैसूरहून येणारी, मयिलाडुतुरैकडे जाणारी गाडी. ती तिरुच्चिरापळ्ळी, तंजावर, कुंभकोणम अशी पुढे जाते. मुंबई-पुण्याहून चेन्नईमार्गे येणाऱ्यांनी स्टेशनं नीट बघून घ्यावीत. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या चेन्नई सेंट्रलला जातात, तर तंजावरकडच्या गाड्या एग्मोरहून सुटतात. एग्मोरहून रात्रीची उळवन एक्सप्रेस सकाळी तंजावरला सोडते. दिवसाची चोळन एक्सप्रेस चिदंबरम, कुंभकोणम करत येते, आणि खिडकीतून शेतं बघायची असतील तर तीच घ्या.

मुक्काम दोनच ठेवा, तंजावर आणि कुंभकोणम. दोन्ही गावांत चाळीस किलोमीटरचं अंतर. रोज बॅगा भरण्यातच माणूस थकतो. गावागावांना जोडणाऱ्या सरकारी बस भरपूर आहेत, पण पाट्या बहुतेक तमिळमध्ये असतात. कंडक्टरला नुसतं गावाचं नाव विचारा, हिंदी वाक्य जुळवत बसू नका. ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ या हाका आपल्यासारख्याच चालतात. जेवणाला ‘साप्पाडु’, पाण्याला ‘तण्णी’ आणि वाढप्याला थांबवायला ‘पोदुम’, एवढ्यावर निभतं. सोबत सत्तरीपुढचं माणूस असेल, तर कुंभकोणमला दिवसभरासाठी गाडी ठरवून घ्या. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे आम्ही तसंच करतो.

नदीकाठाने तंजावरकडे

तिरुच्चिरापळ्ळीला उतरलात तर पहाटे श्रीरंगम गाठा. कावेरी आणि तिचाच फाटा कोळ्ळिडम यांच्यामधल्या बेटावर रंगनाथाचं देऊळ आहे, सात प्राकारांचं, म्हणजे एकात एक सात तटांचं. बाहेरच्या प्राकारांत रस्ते, घरं, दुकानं, म्हणजे अख्खं गावच देवळाच्या पोटात आहे. समोरचा राजगोपुर सुमारे 72 मीटर उंच, पण तो पुरा झाला 1987 साली. त्याच्यापाशी फार वेळ घालवू नका. आत शेषरायर मंडपात जा. तिथे मागच्या पायांवर उभे राहिलेले घोडे आणि त्यांवरचे स्वार एकेका दगडी खांबात कोरलेले आहेत. शनिवार-रविवार आणि वैकुंठ एकादशीच्या दिवसांत रांग फार मोठी असते. गावातल्या रॉकफोर्टला चारशेच्या वर पायऱ्या आहेत. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी चढावं, बाकीच्यांनी खालून नमस्कार करावा.

दुपारी तंजावरला हमरस्त्याने जाऊ नका. कल्लणै बंधाऱ्यामार्गे, नदीच्या कडेने जा. श्रीरंगमच्या पूर्वेला कावेरी आणि तिच्याहून खोल असलेली कोळ्ळिडम पुन्हा अगदी जवळ येतात. कावेरीचं पाणी त्या खोल पात्रात उतरून वाया जाऊ नये, म्हणून करिकाल चोळाने तिथे बंधारा घातला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पाया खणायला खाली खडक नाही, नुसती वाळू. मोठे दगड वाळूत बुडू द्यायचे, त्यांवर आणखी दगड, बुडणं थांबेपर्यंत. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन यांनी हीच रीत अभ्यासली आणि याच नद्यांवर पुढचे बंधारे बांधले. आज दिसतो तो पूल आणि दरवाजे नंतरचे आहेत, पण काम तेच चालू आहे. इथूनच कावेरी, वेण्णारू आणि नवा कालवा यांत पाणी वाटलं जातं. पुढे जी जी देवळं बघाल, त्यांचं धान्य, तूप, फुलं या पाण्यावर पिकली. म्हणून मी लोकांना आधी बंधारा दाखवते, मग देऊळ.

तसंच पुढे गेलं की तिरुवैयारू लागतं. कावेरीच्या काठावर संगीतकार त्यागराजांची समाधी आहे (1767-1847). जानेवारीत पौष वद्य पंचमीला शेकडो गायक-वादक तिथे एकत्र बसून त्यांची पंचरत्न कीर्तनं गातात. त्या दिवशी गर्दी प्रचंड, इतर दिवशी मात्र तुम्ही आणि नदी. गावात मुगाच्या डाळीचा अशोका हलवा मिळतो. तो गरम असतानाच खा.

मोठं देऊळ

तंजावरला या देवळाचं नाव ‘पेरिय कोविल’, मोठं देऊळ. रिक्षावाल्याला तेवढंच सांगा. राजराज चोळाने ते 1010 मध्ये पुरं केलं. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, दोनशे फुटांच्या वर आहे आणि सगळं ग्रॅनाइटचं. तंजावरच्या आसपास मात्र ग्रॅनाइटचा डोंगर नाही, सगळीकडे गाळाची माती. एवढा दगड लांबून आणलेला आहे. ‘विमानाची सावली जमिनीवर पडत नाही’ असं गाइड हमखास सांगेल. संध्याकाळी पाचला आवारात उभे राहा, सावली चांगली लांबलचक पडलेली दिसेल. जे खरं आहे तेच इतकं थोर आहे की त्याला अशा आवईची गरज नाही.

इथे दोनदा जा, संध्याकाळी एकदा आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच एकदा. सकाळी दर्शन घ्या, संध्याकाळी हिरवळीवर बसा. आवारात अनवाणी चालावं लागतं आणि अंतर मोठं आहे. दहानंतर दगड पोळायला लागतो, म्हणून जाड मोजे पिशवीत ठेवाच. आतलं शिवलिंग बारा फुटांच्या आसपास उंच आहे, त्यामुळे मागच्या रांगेतूनही दर्शन होतं. बाहेरचा भला मोठा नंदी मात्र चोळांचा नाही, नंतरच्या नायक राजांच्या काळातला आहे.

मग भिंती वाचायला सुरुवात करा. जोत्यावर चहूबाजूंनी तमिळ लेख आहेत. राजराजाने आज्ञा दिली होती: मी दिलेलं, माझ्या अक्काने दिलेलं, राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं सगळं दगडावर कोरा. ही अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण कुंदवै. देवळात आणलेल्या चारशे नर्तकींची नावं, त्या कोणत्या गावाहून आल्या, कोणत्या आळीत कितव्या घरात राहत, हेही कोरलेलं आहे. आपल्याला तमिळ वाचता येत नसलं, तरी त्या ओळींवरून नजर फिरवताना त्या चारशे बायका मनात असू द्या.

आणि मग आपला लेख. आवाराच्या नैर्ऋत्येच्या भिंतींकडे जा. सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द 1798-1832) यांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत इथे कोरवून घेतला. मराठीतला सर्वांत मोठा शिलालेख म्हणून तो ओळखला जातो. अक्षरं देवनागरी आहेत, म्हणजे मोडी येत नसलेलाही वाचू शकतो. ऊन डोक्यावर असताना अक्षरं भिंतीत बुडून जातात. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात ती उठून दिसतात. बोट न लावता, जवळून, एकेक ओळ मोठ्याने वाचा. मुलं सोबत असतील तर त्यांना वाचायला लावा. हजार किलोमीटर लांब, तमिळ लेखांनी भरलेल्या देवळात आपल्या ओळखीची नावं दगडातून समोर येतात, तेव्हा माझ्या विद्यार्थ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी 1670च्या दशकात इथे राज्य बसवलं. ते 1855 पर्यंत टिकलं. या देवळासह 88 देवळांचं विश्वस्तपद आजही त्या घराण्याकडे वंशपरंपरेने आहे. गावात मराठी बोलणारी जुनी कुटुंबं आहेत. त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि तमिळ हेलाची. कानावर पडली तर थांबून बोला. ती माणसं फार अगत्याने बोलतात.

दुपार राजवाड्यात घालवा. तिथे सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायकांच्या काळापासूनचा हा संग्रह सरफोजींनी वाढवला. ताडपत्रं, संस्कृत, तमिळ, तेलुगू पोथ्या, हजारो मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदांची गाठोडी. सामान्य पाहुण्याला संग्रहालयाचा भाग दिसतो, तोही पुरेसा आहे. अभ्यासासाठी मूळ कागद बघायचे असतील, तर आधी पत्र पाठवून परवानगी घ्यावी लागते. सरफोजींनी देवनागरी छापखाना काढून इसापनीतीचं मराठी भाषांतर छापलं होतं, आणि तेही पेशवाई चालू असताना. साप्ताहिक सुट्टीचा वार हॉटेलात आधी विचारून ठेवा.

राजवाड्यातल्याच कलादालनात चोळ काळातल्या पंचधातूच्या मूर्ती आहेत. सगळ्या बघू नका. तिरुवेंकाडूहून आलेला, 1011च्या सुमाराचा वृषवाहन शिव शोधा. शिव नंदीवर हात टेकून उभा आहे, पण नंदी आता नाही. उरला आहे तो हवेत सैल टेकलेला हात, डोक्याला नागांचा फेटा आणि चेहऱ्यावरची निवांत खुशी. मी तिथे बाकावर बसून राहते, सासूबाईही बसतात.

कुंभकोणम आणि भोवताल

कुंभकोणम हे देवळांचं गाव, पण गावातली सगळी देवळं करायला जाल तर दमाल. महामहम तलाव बघा. दर बारा वर्षांनी तिथे मोठा मेळा भरतो, मागचा 2016 मध्ये झाला, पुढचा 2028 मध्ये. सारंगपाणी देवळाच्या समोरच्या आळीत गणितज्ञ रामानुजन यांचं लहानपणाचं छोटं घर जपलेलं आहे. पितळी वाटी-पेल्यातली डिग्री कॉफी इथलीच. सकाळी सहाला घ्या, मग दारासुरमला निघा. रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं.

दारासुरमचं ऐरावतेश्वर, बाराव्या शतकातलं, दुसऱ्या राजराजाचं. तंजावरचं देऊळ मान वर करून बघायचं, हे गुडघे टेकून. मंडपाला दगडी चाकं आणि घोडे जोडलेले आहेत. त्याच्या शेजारी एका कोपऱ्यात एकच डोकं असलेले हत्ती आणि बैल शोधा, एक झाका की दुसरा दिसतो. मुख्य गाभाऱ्याच्या बाहेर खालच्या बाजूला वीतभर उंचीच्या पट्ट्यांत त्रेसष्ट शैव संतांच्या कथा आहेत. कुणी विणकर, कुणी कोळी, कुणी कुंभार. आपल्या वारकरी संतांची सवय असलेल्याला या पट्ट्यांपुढून हलवत नाही. आवार भोवतालच्या जमिनीपेक्षा खाली आहे, पावसात नंदीपाशी पाणी तुंबतं. बलिपीठाच्या पायऱ्यांमधून सूर निघतात, पण त्यांना आता जाळी आहे. कुणी वाजवून दाखवतो म्हणाला तरी नको म्हणा.

दुपारी स्वामिमलै. मुरुगनाच्या देवळाला साठ पायऱ्या, तमिळ संवत्सरांइतक्या. पण दुपारचं खरं काम खालच्या आळीतल्या स्थपतींच्या, म्हणजे मूर्तिकारांच्या, कारखान्यांत. मेण आणि राळ यांची मूर्ती करायची, तिच्यावर कावेरीच्या गाळाचे थर लिंपायचे, भाजून मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. साचा फोडूनच मूर्ती बाहेर येते, म्हणून तशीच दुसरी होत नाही. मापं नारळाच्या झावळीच्या पट्टीला घड्या घालून घेतात. नम्रपणे विचारलं तर दाखवतात. विकत घ्यायची असेल तर ओतीव मूर्तीवरचं कोरीव काम पाठीमागूनही बघा.

संध्याकाळ गंगैकोंडचोळपुरमसाठी राखून ठेवा, कुंभकोणमहून साधारण पस्तीस किलोमीटर. राजराजाचा मुलगा राजेंद्र याने गंगेपर्यंत सैन्य पाठवलं आणि परत आल्यावर ही राजधानी वसवली. आज राजधानी नाही, खेडं आहे, आणि मधोमध हे देऊळ. विमान तंजावरहून थोडं ठेंगणं, पण त्याच्या कडा आत वळलेल्या आहेत, त्यामुळे उंची मवाळ वाटते. उत्तरेकडच्या दाराशी, पायऱ्यांच्या बाजूला, शिव आपल्या हाताने चंडेश भक्ताच्या डोक्याला माळ गुंडाळतो आहे. सगळ्या सहलीत एकच शिल्प बघायला मिळणार असेल, तर मी हे निवडीन. वाटेत अणैकरैचा पूल लागेल, त्याखाली इंग्रजांनी बांधलेला कोळ्ळिडमवरचा बंधारा आहे. 1836 मध्ये तो बांधताना या देवळाची तटाची भिंत आणि गोपुर पाडून दगड नेला. जाताना पूल बघा, मग देवळाची उघडी पडलेली कड तुम्हाला समजेल.

चिदंबरम आणि पिच्चावरम

चिदंबरमला सकाळी नटराजाचं दर्शन. पुरुषांना चित्सभेजवळ, म्हणजे नटराजाच्या गाभाऱ्याजवळ, जाताना सदरा काढावा लागतो, तेव्हा उपरणं जवळ ठेवा. पूजा दीक्षितर घराण्यांकडे आहे, दक्षिणेसाठी कुणी मागे लागलं तर शांतपणे नाही म्हणता येतं. गोपुराच्या आतल्या भिंतींवर नाट्यशास्त्रातली 108 करणं, म्हणजे नृत्यातल्या अंगस्थिती, कोरलेली आहेत. नाचणारी मुलगी घरात असेल, तर तिला पूर्वेच्या गोपुरात अर्धा तास सोडून द्या.

देऊळ बंद झालं की पिच्चावरमला, पंधरा किलोमीटर. वेळ्ळारू आणि कोळ्ळिडम समुद्राला मिळतात, त्या मधल्या खाडीत सुमारे 1100 हेक्टरांवर कांदळवन आहे. कोकणातल्या माणसाला तिवर आणि कांदळ ओळखीचे, पण इथे झाडांच्या कमानींखालून वल्ह्याची होडी जाते, असे शेकडो चिंचोळे कालवे आहेत. राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या खिडकीवर तिकीट मिळतं. मोटरबोट नको, वल्ह्याचीच होडी घ्या. मोटरबोट अरुंद कालव्यांत शिरत नाही, आणि तिच्या आवाजाने पक्षी उडून जातात. टोपी आणि पाणी बरोबर हवंच, जीवरक्षक जाकीट शेवटपर्यंत काढू नका, प्लॅस्टिकचं काहीही पाण्यात टाकू नका. 2004च्या सुनामीत या झाडांच्या मागच्या वस्त्यांची हानी कमी झाली. नावाड्याला त्याबद्दल विचारा, तिथल्या लोकांच्या ते चांगलं लक्षात आहे.

एक दिवस जास्तीचा असेल आणि पक्ष्यांची आवड असेल, तर तंजावरच्या मुक्कामातूनच कोडिक्करै करा. जाऊन-येऊन पूर्ण दिवस जातो, म्हणून अंधारातच निघा. किनारपट्टीच्या त्या टोकावर काळवीट मोकळे चरतात, आणि हिवाळ्यात मिठागरांच्या बाजूला रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. आत खाण्याची सोय धरू नका, वेदारण्यममध्येच खाऊन घ्या.

परतीसाठी चिदंबरमहून चेन्नईची गाडी पकडता येते, कुंभकोणमला मागे फिरावं लागत नाही. तिकीट मात्र निघण्यापूर्वीच काढा, आणि वरच्या बर्थऐवजी खालचा मागा. शेवटच्या दिवशी सगळ्यांचेच गुडघे बोलत असतात.